एका नम्र सेवकाचा पत्रा

नम्रतेच्या बाबतीत माझा हात धरणारा कुणी नाही, असं मला वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत अगदी मनापासून वाटत असे. नगरला आमच्या चर्चमध्ये मी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसायचो, आणि मी शेवटच्या बाकावर बसतो हे पुढच्या बाकांवरच्या सगळ्यांना ठाऊक राहील याची काळजी घ्यायचो. या नम्रतेपायी पुढे चेन्नईत एका सज्जन माणसाचा पाय जायची वेळ आली, म्हणून हे सांगायला बसलो आहे.

ते माझे घरमालक. नोकरीनिमित्त मी चेन्नईला गेलो तेव्हा ऑफिस अड्यारला होतं आणि परवडणारी खोली वेलचेरीत. एजंटाने एका दुमजली घरापाशी नेलं. दारात लुंगी नेसलेले, सत्तरीच्या आसपासचे, काळेसावळे, काटक गृहस्थ. मी तोंडपाठ केलेलं तमिळ सुरू केलं. त्यांनी दुसऱ्या वाक्यालाच हात वर केला.

"ऱ्हाऊ दे, तंबी. कुठला तू?"

मी पायरीवर बसलोच. एक 'तंबी' (म्हणजे धाकटा भाऊ) सोडला तर मराठी! तेही असं घाटावरचं, कोळशाच्या धुरात मुरलेलं.

"नगरचा," मी म्हणालो.

"नगर स्टेशनावर मी लई चहा पिलोय. दौंड-मनमाड लाईन. मालगाडीचा गार्ड होतो. तीस वर्षं दौंडला काढली. बायको पण तिथंच पुरली." मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. "वरची खोली घे. पाण्याचा टँकर सकाळी येतो. रविवारी चर्च. घरात आपली फुशारकी सांगायची न्हाय. बाकी काय बी कर."

या शेवटच्या अटीची मला गंमत वाटली. आपल्याला काय, आपण तर जात्याच नम्र!

अंकलच्या (मी त्यांना अंकल म्हणायचो, सगळी गल्लीच म्हणायची) दोन खिशांत दोन रुमाल असत. उजव्या खिशात हिरवा, डाव्यात लाल. गार्डाचे झेंडे सरकारजमा झाले, पण सवय काही जमा झाली नव्हती. मी सकाळी शेअर ऑटोत बसलो की ते फाटकातून हिरवा रुमाल हलवायचे, आणि ऑटोवाला तो हलल्याशिवाय गाडी सोडायचा नाही. लाल रुमालाचं काम निराळं. समोरचा माणूस स्वतःच्या पुण्याईबद्दल बोलू लागला की अंकल काही बोलत नसत. लाल रुमाल काढायचे आणि संथपणे कपाळ, मान, कानामागे घाम पुसायचे. पौष महिन्यातसुद्धा. एवढ्याने बोलणाऱ्याची गाडी आपोआप उभी राहायची.

त्यांचं सगळं धर्मशास्त्र रेल्वेतून आलेलं होतं. "इंजिनाकडं सगळे बघतात," ते म्हणायचे. "पोरं टाटा करतात. गार्डाकडं कोण बघतं? मागून येणारी गाडी. ती पण धडकू नये म्हणून. पण गार्डानं दिवा दाखवला न्हाय तर इंजिन हलतंय का? प्रभू गार्ड हाय, तंबी. शेवटच्या डब्यात बसलेला." चर्चमधल्या शेवटच्या बाकाला ते ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डाचा डबा, म्हणत. मी पहिल्याच रविवारी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, "मी पण नेहमी मागेच बसतो, अंकल." त्यांनी घाम पुसला.

सत्कृत्याचं नाव काढलं की ते "चुकून झालं" म्हणायचे. गल्लीत पाण्याचा टँकर आला की कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या विधवेची प्लॅस्टिकची पाच भांडी ती उठायच्या आत भरून दारात ठेवलेली असत. एकदा मी त्यांना रंगेहाथ पकडलं. "चुकून भरलं रे," ते म्हणाले. "माझी समजून." त्यांची सगळी भांडी स्टीलची होती.

पण त्यांचं खरं राज्य चर्चच्या पायऱ्यांवर. तिकडे बरेचजण चपला बाहेर काढून उपासनेला बसतात. दोन-अडीचशे माणसांच्या चपला, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. शेवटचं गीत सुरू झालं की अंकल ब्रेकव्हॅनमधून हळूच उतरायचे आणि बाहेर जाऊन एकेक जोड जुळवून लावायचे, टाचा दाराकडे. म्हणजे बाहेर येणाऱ्याने वळायचं नाही, वाकायचं नाही, नुसतं पाय सरकवायचे आणि चालू लागायचं. लोक एकमेकांना "स्तोत्रम्, स्तोत्रम्" करत, गप्पा मारत निघून जायचे. चपला आपोआप अशा लागतात असंच बहुतेकांना वाटत असावं. अंकल माणसं चेहऱ्याने कमी आणि चपलेने जास्त ओळखायचे.

"तुझी चप्पल फुडून झिजतीय," त्यांनी मला एकदा सांगितलं.

"म्हणजे काय, अंकल?"

"म्हणजे काय न्हाय. फुडून झिजतीय."

माझा पहिला अपघात साक्षीच्या रविवारी झाला. महिन्यातून एकदा कुणीतरी पुढे येऊन प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मी हात वर केला. पुढे जाऊन तमिळ-इंग्रजीची खिचडी करत सुरुवात केली, "ही गोष्ट मी कुणालाच सांगत नाही, पण..." आणि रक्तदानाची हकीकत सांगू लागलो. ऑफिसात रक्त कुणाला हवं होतं, सगळे कसे गप्प राहिले, मी कसा उठलो, सुई केवढी होती. सुईपाशी आलो आणि शेवटच्या बाकावर काहीतरी लाल हललं. कपाळ. मान. कानामागे.  रक्त ज्याला मिळालं तो जगला की मेला हे न सांगताच मी "आमेन" म्हणून खाली उतरलो. दोन बायका नंतर हळहळत माझ्याकडे आल्या. त्यांना वाटलं, रोगी दगावला.

घरी येताना मी घुश्शात होतो. "अंकल, चांगलं काम सांगितलं तर इतरांना प्रेरणा मिळते."

"मिळती की," ते म्हणाले. "रक्त द्यायची न्हाय. सांगायची."

आता माणूस एवढा टोचून बोलल्यावर मी काय ठरवावं? मी ठरवलं, या म्हाताऱ्याला नम्रतेत हरवायचं. आणि त्यातून तो रॅक निघाला.

विचार वरवर पाहता निर्मळ होता. सत्तरीचा माणूस दर रविवारी वाकून दोनशे चपला लावतो. त्याचं वाकणं वाचवावं. फॅब्रिकेटरकडून चपलांसाठी लोखंडी रॅक करून घेतला, माणसाच्या उंचीचा, सहा खणांचा. तिकडची एक रीत आहे. देवळात किंवा चर्चमध्ये पंखा दिला तर पंख्याच्या पात्यावर, ट्यूबलाईट दिली तर ट्यूबलाईटवर देणाऱ्याचं नाव रंगवतात. वर "उपयम्" म्हणजे अमक्याकडून भेट. कधी कधी अक्षरंच इतकी की उजेड यायला जागा उरत नाही. पेंटरने मला विचारलं, "नाव काय घालू?"

"नाव नको," मी म्हणालो. "नुसतं 'एका नम्र सेवकाकडून' असं लिहा."

पेंटर विचारात पडला. "सार, मग लोकांना कळणार कसं, कोण नम्र?"

मुद्दा बिनतोड होता. तेव्हा पत्र्याच्या पाटीवर वर 'एका नम्र सेवकाकडून' आणि खाली माझं नाव, पदवी, हुद्दा आणि गाव असं सगळं पिवळ्यावर लाल अक्षरांत आलं. पाटी रॅकच्या माथ्यावर दोन स्क्रूंनी बसवली. चार बसवायला हवे होते. पण पेंटर म्हणाला, दोन पुरे, आणि मला पाटी रविवारच्या आत लागलेली हवी होती.

अंकलनी रॅकला एक प्रदक्षिणा घातली. पाटी वाचली. सावकाश वाचली, कारण मजकूर बराच होता. "मजबूत हाय," म्हणाले, आणि घाम पुसला. त्या रविवारी लोकांनी रॅकच्या खणांत छत्र्या ठेवल्या, एकाने जेवणाचा डबा ठेवला, आणि चपला नेहमीप्रमाणे रॅकच्या समोर जमिनीवर काढल्या. शेवटच्या गीताला अंकल उठले आणि वाकून त्या लावू लागले. पूर्वी मोकळी जागा तरी होती. आता रॅकला वळसा घालून लावायला लागत होत्या.

त्या वर्षी वेलचेरीत पाणी भरलं. दरवर्षीच थोडं भरतं, पण त्या वेळी खालच्या मजल्याच्या खिडकीपर्यंत आलं. अंकल वर माझ्या खोलीत राहायला आले. येताना गार्डाचा दिवा, एक ट्रंक आणि कढीपत्त्याची कुंडी घेऊन. चर्च थोडं उंचावर. तिथे आजूबाजूच्या झोपड्यांतली माणसं आणून ठेवली होती. मी खिचडीची पाकिटं वाटायच्या गटात. आमच्यातल्या एकाकडे डिजिटल कॅमेरा होता, त्यामुळे एकेक पाकीट द्यायला मला जरा वेळ लागायचा. अंकल कुठल्याच फोटोत नाहीत. ते दोन दिवस चर्चमागच्या संडासाकडे बादल्या वाहत होते. अनवाणी. त्यांच्या चपला त्यांनी कुणाला तरी देऊन टाकल्या होत्या. चुकून.

तिसऱ्या दिवशी अंगणातल्या गुडघाभर गढूळ पाण्यात ते चालत होते. रॅक आदल्या दिवशीच पाण्याच्या लोंढ्याने आडवा झाला होता. पाण्याखाली काहीतरी त्यांच्या डाव्या तळव्यात घुसलं. त्यांनी हाताने उपसून काढलं, बघितलं, आणि बगलेत धरून लंगडत बाजूला झाले. मी खिडकीतून पाहत होतो. पिवळ्यावर लाल अक्षरं होती.

मी त्यांना हाक मारली का? नाही. माझ्या हातात पाकीट होतं आणि समोर कॅमेरा होता, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिलो.

पाणी ओसरलं, घर धुतलं, माणसं कामाला लागली. तळव्याची जखम मात्र भरेना. अंकलना साखरेचा आजार, तोही वीस वर्षांचा जुना. नाताळ गेला, ईस्टरआधीचा उपवासकाळ आला, तरी डाव्या पायाला फडकं गुंडाळलेलंच. शेवटी मी त्यांना बाईकवर बसवून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"रोज दोनदा धुवायचं. मिठाच्या निर्जंतुक पाण्याने, बोटांच्या बेचक्यांसकट. कोरडं करायचं, मलम, पट्टी. हे नीट झालं नाही तर महिन्याभरात पाय कापावा लागेल," ते इंग्रजीत म्हणाले. "जखम तळव्याला आहे. तुमची तुम्हाला दिसणार नाही. घरात कुणी आहे?"

"हाय ना," अंकल म्हणाले. "प्रभू हाय." डॉक्टरांना कळावं म्हणून त्यांनी वर बोट दाखवलं.

डॉक्टरांनीही वर पाहिलं. "त्यांना पट्टी बांधता येते?"

"मी करीन," मी म्हणालो.

लाल रुमाल बाहेर आला. नर्सची गोष्ट काढली, तर, "बाईमाणसानं माझे पाय धरायचे? अय्यो!" तिरुनेलवेलीला दिलेल्या त्यांच्या मुलीला बोलवायचं, तर ती तिच्या संसारात. आयुष्यभर दुसऱ्याच्या चपला हातात घेतलेला हा माणूस स्वतःच्या पायाला कुणाचं बोट लागू देईना. आणि माझी गंमत अशी, की मला त्यांचा पाय वाचवायचा होता हे खरं. पण तो पत्रा माझा होता हे न सांगता वाचवायचा होता.

अशात ईस्टरच्या आदला, झावळ्यांचा रविवार आला. आमच्या चर्चमध्ये त्या आठवड्यात पवित्र गुरुवारी पाळक, म्हणजे पाद्री, बाराजणांचे पाय धुतात. प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. पाळकांनी बारा नावं वाचली. अकरावं माझं. बारावं अंकलचं. मी डोळे मिटून नम्रपणे मान खाली घातली. अंकल शेवटच्या बाकावर उभे राहिले आणि भर चर्चमध्ये पाळकांना लाल रुमाल दाखवला. घाम वगैरे काही नाही. सरळ दाखवला.

आता त्या गुरुवारची माझी तयारी सांगायलाच हवी. मी अर्धी रजा टाकली. बादलीत गरम पाणी, त्यात शाम्पू. वजरीने टाचा घासल्या. नखं कापली, कानशीने गोल केली. पावडर लावली. नव्या सँडल. संध्याकाळी बारा खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. अकराजण बसलो, आणि मी हळूच डावीकडे बघितलं. दहाच्या दहा जोड्या चकाचक! एकाने तर तेल लावलं होतं. पाळक गुडघ्यांवर बसून तांब्या ओतत एकेकापुढून सरकत आले. माझ्यापाशी वाकले तशी त्यांना पावडरीने शिंक आली.

"काय हो, आधीच धुऊन आलात?" ते पुटपुटले.

"जी."

"सगळेच आलेत," ते उसासा टाकून म्हणाले, आणि बाराव्या खुर्चीकडे बघितलं. ती रिकामी होती. सबंध चर्चमध्ये धुवायची खरी गरज असलेला एकच पाय ब्रेकव्हॅनमध्ये फडक्यात गुंडाळून बसला होता.

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. बाराच्या उपासनेला निघायच्या आधी मी खाली गेलो. न्हाणीघराचं दार उघडं. अंकल चौरंगावर बसलेले. डावा पाय उजव्या गुडघ्यावर ओढलेला, एका हातात दाढीचा आरसा, दुसऱ्या हातात गार्डाचा दिवा. दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे पाणी कोणत्या हाताने ओतावं हा प्रश्न. पाय थरथरत होता. कापूस पाण्यात तरंगत होता. आणि वास येत होता.

मला बघून ते खिशाकडे हात नेऊ लागले. पण हातात दिवा होता.

"अंकल, द्या इकडे."

"जा तू. चर्चला जा. चांगला धुतलेला पाय हाय तुझा."

मी तिथेच खाली बसलो. ओल्या फरशीवर, इस्त्रीच्या पांढऱ्या पँटीत. आणि तोंडातून निघून गेलं, "अंकल, तो पत्रा माझा होता. मी पाहिलं होतं. चार महिने बोललो नाही."

ते आरशातच बघत राहिले. मग म्हणाले, "ती कुंडी उचल."

कढीपत्त्याची कुंडी न्हाणीच्या दारात होती. मी उचलली. खाली पाटी होती, पाणी निथळायला ठेवलेली. अक्षरं खालच्या अंगाला.

"वाचलं होतं मी तवाच. पायातनं काढलं आन वाचलं. लई मोठं नाव, पण सगळंच्या सगळं आत गेलं होतं." त्यांच्या पोटात हसू हललं. "चर्चमध्ये ठेवलं असतं तर लोकं तुला बोलले असते. म्हणून घरी आणलं."

 ज्या नावासाठी मी एवढी रंगरंगोटी केली, ते या माणसाने रक्ताळलेल्या पायाने लंगडत झाकून आणलं होतं. मी रडलो असतो तर शोभलं असतं. मी चिडलो.

"मग माझं झाकायला तुम्हाला चालतं, आणि तुमचा पाय मी धुवायला नको? तुम्ही सगळ्यांचं करायचं, तुमचं कुणी करायचं नाही! अंकल, पाय जाईल हो तुमचा!"

 अंकलनी दिवा खाली ठेवला. आरसा ठेवला. मला वाटलं, आता लाल रुमाल.

"तीस वर्षं ब्रेकव्हॅनमध्ये बसलो, तंबी," ते हळू म्हणाले. "त्याला इंजिन नसतंय. दुसऱ्यानं वढल्याशिवाय हलत न्हाय. हे ध्यानात कसं आलं न्हाय माझ्या?"

आणि त्यांनी पाय पुढे केला.

मी तो कसा धुतला हे विचारू नका. पहिला तांब्या त्यांच्या पायावर कमी आणि माझ्या मांडीवर जास्त पडला. निर्जंतुक पाण्याची बाटली समजून मी गुळण्या करायच्या औषधाची बाटली उघडली. अंकल ओरडले म्हणून बरं. वासाने मला दोनदा मळमळलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी छताकडे बघून मला सवड दिली. बेचक्या पुसताना त्यांना गुदगुल्या झाल्या. सत्तरीचा माणूस, उत्तम शुक्रवारी, खिदळत होता. पट्टी बांधून झाली तेव्हा मी घामाने, पाण्याने आणि मलमाने माखलो होतो, आणि उपासना निम्मी झाली होती. मी म्हणालो, "अंकल, खरं सांगू, आज मला फार..."

लाल रुमाल बाहेर आला.

त्यानंतर रोज दोनदा. ऑफिसच्या आधी एकदा, ऑफिसनंतर एकदा. तिसऱ्या आठवड्यात जखमेला गुलाबी कड दिसू लागली. पाय राहिला. करंगळी मात्र गेली. "शेवटचा डबा सोडला," अंकल म्हणाले, "बाकी गाडी शाबूत." डॉक्टरांनी विचारलं, पट्टी इतकी नीट कोण करतं? मी छाती जरा पुढे काढली.

"चुकून होतीय," अंकल म्हणाले.

दोन वर्षांनी माझी पुण्याला बदली झाली. फाटकाशी ऑटो उभा होता. अंकलनी हिरवा रुमाल काढला, हलवायला हात वर केला, मग थांबले आणि दुसऱ्या खिशातला लाल माझ्या हातात कोंबला. "ह्यो तू ठेव. मला आता कमी लागतो." मग हिरवा हलवला, आणि ऑटो सुटला. मी मागे वळून बघत राहिलो. गार्डाकडे बघणारा बहुधा मी पहिलाच. ते आता नाहीत. शेवटी तिरुनेलवेलीला मुलीकडे राहायला गेले होते, आणि तिने कळवलं की शेवटच्या आजारात त्यांनी सगळ्यांकडून मुकाट्याने सगळं करून घेतलं.

पाय धुतल्याची गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. बायकोला सांगितली, पण बायको म्हणजे कुणी नव्हे. ऑफिसातल्या दोघांना, ओघात. पुण्याच्या पाळकसाहेबांना, फक्त सल्ला म्हणून. आणि आज ही तुम्हाला. रुमाल टेबलावरच आहे. लिहिताना तीनदा घाम पुसला, तरी लिहिलंच.

एक मात्र केलं. संपादकांना फोन करून बजावलं, लेखावर माझं नाव छापू नका. ते बरं म्हणाले. तासाभराने मी पुन्हा फोन केला. नाव नको म्हणणारा तो मीच, हे त्यांच्या नीट लक्षात राहिलंय ना, एवढंच विचारायला.